एक चित्ता, एक हुन्नरी इसम

४ नोव्हेंबर १९१३, मंगळवार

ठरलं! मी विलायतेला चाललो. मी आणि हैबती.

हैबती म्हंजे माझा चित्ता. माझा म्हंजे महाराजांचा, सरकारी, पर रजई दोघांत एकच. त्यो भिंतीकडनं झोपतो, मी भाईरनं. परवा माळावर म्याकसाहेबानं त्येची शिकार बघिटली. काळवीट पुढं, हैबती मागं, धुरळा उठला — खेळ खलास! साहेबाच्या तोंडातला चिरूट खाली पडला आणि त्येला समजलंबी न्हाय. आज निरोप आला. महाराजांकडनं हैबती साहेबाला भेट मिळाला. स्कॉटलंड म्हणून एक मुलूख हाय, तिथं साहेबाची जहागीर हाय, तिथं हैबती हरणं धरणार. आणि चित्त्यासंगट चित्तेवान लागतोच की! म्हंजे मी. दस्तगीर चित्तेवान. बापानं चित्तं संभाळलं, आज्यानं संभाळलं, पर दर्या कुणी बघिटला न्हाय.

लालबीला सांगिटलं. ती भाकरी थापत हुती. मान वर न करता म्हणाली, "सकाळच्या पारी आपलं पायताण घावत न्हाय ह्यांना, आणि विलायत घावणार व्हय!"

बायको हाय का तोफखाना! माहेर तिचं मलकापूर. तिकडं काय सगळीच अशी बोलत्यात म्हणावं, तर तिची आई कुलसुमबी — सासूबाई — वरसात दोन शब्द बोलल्या तर लई. मग ही गेली कुणावर?

६ नोव्हेंबर

शाहूपुरीतनं बूट आणलं. ही वहीबी आणली. विलायतेला गेलेला माणूस रोजचं रोज लिव्हतो म्हणं. बूट लई चावतो.

९ नोव्हेंबर

तालमीत सत्कार झाला. आकारामनं ठरवला. आकाराम चित्त्याची गाडी हाकतो. हैबतीला माळावर न्यायचं ते त्येच्याच बैलगाडीतनं. मला फेटा आणि हार. हैबतीलाबी हार, त्यो माझ्यापेक्षा मोठा. हैबतीनं झेंडूची फुलं हुंगली आणि आकारामच्या तोंडावर शिंकला. टाळ्या!

आकाराम बोलाय उठला. "मंडळी, ह्यो गडी आता काय परत येत न्हाय!" पुन्हा टाळ्या. ह्या टाळ्या मला जरा जास्तच वाटल्या.

१५ नोव्हेंबर

साहेबाच्या बंगल्यावर गेलतो. पिराजी म्हणून साहेबाचा बटलर हाय, त्येला इंग्रजी येतं. त्येनं कागद वाचला. "एक चित्ता, एक हुन्नरी इसम."

"हुन्नरी इसम म्हंजे कोण रं?"

"म्हंजे तुमीच की, दस्तगीरभाई."

मी पुन्हा एकदा वाचाय लावलं. मग आणिक एकदा. पिराजी वैतागला.

अट एकच. चित्ता बोटीवर धडधाकट चढला पाहिजे. न्हाय चढला तर इसमबी चढणार न्हाय.

मग डाक्टर आला. हैबतीचे दात लांबनं बघिटले, माझे जवळनं. हैबतीच्या कागदावर लिव्हलं, स्वभाव शांत. माझा स्वभाव लिव्हायची जागाच न्हवती, तरी मी सांगिटला.

साहेबानं इचारलं, चित्ता माणसाळवायचा हुन्नर काय काय तो सांग. सगळा सांगिटला. डोळ्यांवर टोपी कशी चढवायची, शीळ कशी घालायची, शिकार धरल्यावर लाकडाच्या पळीतनं रगत कसं पाजायचं. पिराजीनं उतरून घेटलं. एक गोष्ट तेवढी सांगिटली न्हाय. नवा चित्ता आला की आमच्यात रीत हाय — घरातल्या बायांनी त्येच्याजवळ बसून दिवसभर बोलत ऱ्हायचं. काय पाहिजे त्ये बोलायचं, पर तोंड थांबवायचं न्हाय. माणसाच्या आवाजाचं भ्या जातं. हैबती आला तवा घरात बाई एकच. लालबी बसली. तिला दुसरा विषय न्हवता, म्हणून माझ्यावरच बोलली. म्हैनंच्या म्हैनं! माझी सगळी लक्षणं हैबतीला तोंडपाठ हायत.

आता बायांची बडबड म्हंजे काय हुन्नर हाय? साहेबाला काय सांगायचं? लाज न्हाय वाटायची?

घरी आल्यावर लालबीनं इचारलं, "आणि मी?"

"कागदात न्हाय."

"हुन्नरी इसम! बंडी उलटी का सुलटी कळत न्हाय ह्यांना. हैबत्या, ऐकलास का रं? हुन्नरी म्हणं!" हैबतीनं शेपूट हलवलं. सामील हायत दोघं.

२८ नोव्हेंबर

आज हैबतीला घिऊन साहेबाच्या बंगल्यात ऱ्हायला आलो. बोटीवर जायच्या आधी त्येला साहेबाची, मडमची सवय हुयाला पाहिजे. हैबतीला मच्छरदाणीचा पलंग! मला त्येच्या शेजारी दुसरा. लालबीनं दारातनं हैबतीच्या कानामागं खाजवलं. मला म्हणाली, "त्येला गारठ्यात ठिवू नका." माझ्या गारठ्याचं काय न्हाय.

बंगला लई शांत. साहेब-मडम जेवताना बोलतच न्हाईत. चमच्याचा आवाज झाला तरी एकमेकांकडं बघत्यात.

२९ नोव्हेंबर

हैबती जेवला न्हाय.

१ डिसेंबर

आजबी न्हाय! शेळीचं मटण दिलं, हुंगून तोंड फिरवलं. खाटीक बदलला. कोंबडी दिली. मी त्येच्यासमोर बसून खाऊन दावलं — मीच जेवलो, त्यो बघत बसला. आकाराम आला, मीठ-मिरच्या उतरून विस्तवावर टाकल्या. सगळा बंगला खोकला. मडम बागेत पळाली. हैबती तसाच.

साहेब गुडघ्यावर बसून त्येला इंग्रजीत समजावत हुता. हैबतीनं डोळं मिटलं.

पिराजी हळूच म्हणाला, "भाई, साहेब म्हणतोय, असंच चाललं तर रद्द."

रद्द! सत्कार झालाय माझा. आता कुठल्या तोंडानं तालमीत जाऊ?

२ डिसेंबर

मोहरमचं पंजं बसल्यात. नवस बोललो. हैबती, खा रं बाबा.

३ डिसेंबर

काय दिवस गेला! नीट लिव्हतो.

दुपारच्या पारी फाटकात आरडाओरडा. शिपाई आडवाय लागला, त्येला बाजूला सारून लालबी आत. हातात माझी तंबाखूची चंची. मला व्हरांड्यात बघिटलं आणि सुटली —

"चंची कोण तुमचा आज्जा आणून देणार व्हय? सदरा खुंटीला तसाच! कोंबड्या मोकळ्या! दार सताड उघडं टाकून निघालं विलायतेला! आणि ह्ये काय घाटलंय पायांत? नाल ठोकलेल्या बैलागत चालताय! आणि ह्यो बघा, माझा हैबत्या! बरगड्या वर आल्यात लेकराच्या! कुठं हुतं डोळं तुमचं? त्यो उपाशी आणि तुमची दाढी तेवढी चकचकीत!"

मी खाली मान घालून उभा. तेवढ्यात मागनं कुर्र कुर्र आवाज. बघतो तर हैबती उठलेला! ताटाकडं गेला, खाली बसला, मटणाची तंगडी धरली. ती बोलतीया, त्यो खातोय. ती दम घ्यायला थांबली की त्योबी थांबतोय. तंगडी साफ!

साहेब जिन्यात उभा हुता. सगळं बघत हुता.

मग त्येनं परीक्षा घेटली. लालबीला फाटकाभाईर धाडलं. हैबती थांबला. आत बोलीवलं. ती माझ्यावर ओरडली. हैबती खायाला लागला. भाईर — थांबला. आत — खाल्लं. साहेबानं पिराजीला लिव्हून घ्याय लावलं. लालबी म्हणाली, "ह्यास्नी काय येड लागलंय का? आत-भाईर, आत-भाईर!"

हैबती जेवला म्हणून मी रडलोच. खरं सांगतो. विलायत वाचली!

६ डिसेंबर

साहेबाचं डोकं! त्येच्याकडं एक यंत्र हाय. कर्ण्यात बोललं की आवाज मेणाच्या नळकांड्यावर उतरतो, मग पाहिजे तवा वाजवायचा. लालबीचं बोलणं भरून घ्यायचं आणि विलायतेला न्यायचं! मग बाई कशाला पाहिजे?

लालबीला कर्ण्यापुढं बसवलं. डोक्यावरनं पदर, मान खाली. म्हणाली, "सलाम साहेब. मडम बऱ्या हायत न्हवं? च्या झाला का?"

असला गोड आवाज मी लगनापासनं ऐकला न्हवता.

पिराजी म्हणाला, "भाबी, च्या न्हवं! शिव्या घाला!"

"कुणाला?"

"कर्ण्याला."

"कर्ण्यानं माझं काय वाकडं केलंय?"

साहेबानं हात जोडलं. मडमनं हात जोडलं. लालबी आणिकच लाजली. मी भाईर हुतो. तहान लागली म्हणून पाणी मागायला आत गेलो, बुटाला चिखल, आणि खाली मडमचा गालिचा.

मला बघिटलं मात्र! पिराजीला नळकांडी बदलायला सवड मिळंना. तीन नळकांडी भरली. माझी सगळी अब्रू मेणात उतरली.

७ डिसेंबर

यंत्र लावलं. कर्ण्यातनं लालबी! हैबती दचकला, कर्ण्याच्या आत डोकं घालून बघिटलं, आणि जेवला. साहेबानं मडमला धरून नाच केला. मीबी नाचलो, बुटासकट.

१० डिसेंबर

आज हैबतीनं यंत्राकडं पाठ केली. तिन्ही नळकांडी वाजवली. फिरवून फिरवून वाजवली. हैबती ताट हुंगंना.

आकाराम म्हणाला, "मर्दा, त्यात तू गालिचा खराब केलास म्हणून ती बोलतीया. गालिचा कवाच धुतला! शिळं बोलणं कोण ऐकंल? माझा बैल ऐकत न्हाय, ह्यो तर चित्ता हाय."

लालबीला बोलवाय गेलो. ती वाटंतच बोलाय लागली, सासूबाईंची शेळी मी कशी सोडली त्येच्यावर. हैबतीनं वाडगाभर खाल्लं.

साहेब मला न बघता तिच्याकडंच बघत हुता. ते मला काय आवाडलं न्हाय.

१२ डिसेंबर

नवा कागद झाला. पिराजीनं वाचला. "एक चित्ता, एक हुन्नरी इसम."

"व्हय, ठावं हाय."

"न्हाय भाई. हुन्नरी इसम म्हंजे भाबी."

मी हसलो. पिराजी हसंना.

मी म्हटलं, "आणि मी?"

त्यो कागद उलटा-सुलटा करून बघाय लागला. शेवटाला म्हणाला, "कागदात न्हाय."

मग साहेबानं समजावून सांगिटलं, लई गोडीत. टोपी चढवायला, शीळ घालायला तिथं त्येची माणसं हायत. हात काय कुणाचाबी चालतो. आवाज बाईचा पाहिजे. बोटीवर मडम हाय, बाईला जपून नेईल. साहेबांची पोरं संभाळायला आया म्हणून कितीक बाया विलायतेला जात्यात, त्यात काय? वर माझ्या पाठीवर थाप मारली.

बाप चित्तेवान, आज्जा चित्तेवान. आणि मी शीळ घालणारा!

१३ डिसेंबर

आकाराम फेटा मागाय आला! म्हणं, तालमीचं म्हणणं हाय सत्कार विलायतेला जाणाऱ्याचा असतो. "तू जाणार न्हाईस, मग फेटा लालबीभाबीला द्यायला नगं व्हय?"

दिला. डोक्यावरनं काढूनच दिला. हार वाळलाता, त्यो ऱ्हाऊ दे म्हणाला.

१४ डिसेंबर

लालबी दिवसभर बोलली न्हाय. चूल पेटवताना न्हाय, माझं पायताण चुलीपुढं पडलं हुतं तरी न्हाय. शेवटाला म्हणाली, "जाऊ का?"

मनात आलं, नगं जाऊस. तोंडातनं आलं, "जा की! कुणी आडीवलंय?"

"तुमचं कोण बघंल?"

"मी काय चित्ता हाय?"

ती म्हणाली, "मी न्हाय गेले तर त्यो मरंल वो. पोटचा न्हाय म्हणून काय झालं! मी बोलून बोलून वाढीवलाय त्येला."

आमास्नी लेकरू न्हाय. ह्ये मी वहीत कवा लिव्हलं न्हवतं. आता लिव्हलं. ती हैबतीजवळ बसून येवढी का बोलायची, मला आज समजलं. मी समजायचो माझ्यावर राग हाय.

तरीबी मी 'ऱ्हा' म्हटलं न्हाय. माझी विलायत गेली ह्येचा राग हुता. असा कसा मी!

८ जानेवारी १९१४

गेली.

टेसनावर सगळी तालीम. हैबतीला माझ्या हातानं टोपी चढवली, डब्यात चढवला. त्येनं माझा हात चाटला, खरबरीत. लालबीच्या हातात फेटा — डोक्यावर घालणार कशी, म्हणून काखंत धरलेला. सासूबाई माझ्या घरी ऱ्हाणार हायत, भाकरी करून घालायला. त्या एक शब्द न बोलता लेकीला बिलगून उभ्या हुत्या.

गाडी हलंपातूर लालबी खिडकीतनं माझ्यावर ओरडत हुती. "कोंबड्या कोंडत जावा! आईला सरपण फोडून द्या! कुडतं धुताना खिसं बघत जावा! आणि तुमचं पायताण मी नीट ठिवलंय, त्या—" शिट्टी झाली. पुढचं काय ऐकाय आलं न्हाय. तोंड हलत हुतं तिचं, लांबपातूर.

अनवाणीच घरी आलो. बूट पिराजीला देऊन टाकलं हुतं.

१२ जानेवारी

सासूबाई बोलत न्हाईत. मीबी न्हाय. कोंबड्याबी हळू चालत्यात.

२० जानेवारी

भाकरी गोड लागंना.

साहेबाचं एक नळकांडं फुटलंतं, ते पिराजीनं मला दिलतं. यंत्र तर बोटीवर गेलं. आज नळकांडं नुसतंच कानाला लावलं. मेणाचा वास आला. सासूबाई बघत हुत्या.

२ फेब्रुवारी

माझी हाडं दिसाय लागली म्हणून आकारामनं आपली बायको चिमणाबाई हिला धाडली. "भाबी ओरडायची तशी ह्येच्यावर वरड, म्हंजे ह्यो जेवंल," असं शिकवून. बिचारी दारात उभी ऱ्हायली. पदराचं टोक पिळत म्हणाली, "भावजी... तुमी... तुमी लई वंगाळ हाय बगा." मग तिलाच वाईट वाटलं. "राग न्हाय न्हवं आला?" म्हणाली.

तिला बरं वाटावं म्हणून अर्धी भाकरी खाल्ली.

९ फेब्रुवारी

आज पायताण हुडकलं. खुंटीमागं, पाट्याखाली, कणगीत, सगळीकडं. ती असती तर म्हणाली असती, समोर तर हाय! समोर न्हाय, लालबी.

'ऱ्हा' म्हणायला पाहिजे हुतं.

१९ फेब्रुवारी

तार आली! विलायतेची. पोस्टमास्तरनं वाचून दावली. "चित्ता खात नाही. बाई बोलत नाही. म्हणते समोर नवरा नाही तर बोलू काय. नवरा पहिल्या बोटीने पाठवा."

मी तार घिऊन चुलीपुढं बसूनच ऱ्हायलो. तर मागनं कडाडलं, "उठा की! बोट काय दारात येणाराय व्हय? बसलंय बघा वासलेल्या तोंडानं!"

सासूबाई!

सगळं घर पालथं घाटलं. पायताण न्हाय. ऱ्हाऊ दे. अनवाणीच जातो. तिला बोलाय कायतरी लागंल की!